गुरुवारी गार पडलेली पेटी

दवाखान्याचे मोठे साहेब, माझी जनरेटरची वायर तुम्ही तोडायला लावलीत. लोड येतो म्हणालात आणि माझ्या जागी तुमच्या केबिनचा एसी जोडून घेतलात. आता ऐका.

मित्रांनो, मी चाकणच्या बाजूच्या एका दवाखान्यातली, लॅबमधली जुनी उबवणी पेटी आहे. माझ्यात अंडी नाही, जंतू ठेवतात. नवी आले तेव्हा मला हार घातला, पेढे वाटले. आता माझ्या डोक्यावर जेवणाचे डबे ठेवतात.

दवाखान्यात पडून असलेल्या माणसाला न्यूमोनिया झाला, की छातीत कोणता जंतू शिरलाय ते वरून कळत नाही. ताप तोच, धाप तीच. म्हणून त्याचा बेडका लाल जेलीच्या बशीत पसरून माझ्यात ठेवतात. अंगाइतकी ऊब मिळाली की जंतू वाढतात आणि ओळखू येतात. एकाचे चिकट गोळे होतात, सुईने उचलले की तार सुटते. एक हिरवट पडतो, त्याला द्राक्षांसारखा वास येतो. एकाचे सोनेरी ठिपके. एकाला मारणारं औषध दुसऱ्याचं काहीच वाकडं करत नाही.

किसन परभणीकडचा, महाळुंग्यात एका कंपनीत प्रेसवर. पाय मोडून दवाखान्यात आला. पाय जुळत आला, पण पडल्यापडल्या न्यूमोनियाने धरलं. त्याची बायको तानुबाई डबी घेऊन आली. लॅबच्या दीपमालाताईंनी डबी उजेडात धरली.

"मावशी, ही नुसती थुंकी आहे. छातीतला बेडका पाहिजे."

"लाजतेत ओ ते. कंपनीत थुंकलं की सुपरवायझर वरडतो, सवयच ऱ्हायली न्हाई म्हणतेत."

"मग इथली सुपरवायझर मी! थुंका म्हणावं बिनधास्त."

तानुबाई हसली आणि घट्ट बेडका घेऊन आली. औषध सुरू व्हायच्या आधीचा होता, म्हणूनच मोलाचा. औषध अंगात गेलं की जंतू अर्धमेले होतात. बशीत उगवत नाहीत, छातीत मात्र दबा धरून बसतात.

त्याची बशी माझ्यात ठेवली तो बुधवार होता. गुरुवारी आमच्या पट्ट्यात लाईट जाते, कंपन्यांना सुट्टी असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जंतूंना सुट्टी नसते, साहेब. मी गार पडले. संध्याकाळी लाईट झटक्यात आली, माझा जुना थर्मोस्टॅट अडकला आणि मी तापतच गेले.

सकाळी डॉक्टर निरंजन धावत आले. "ताई, कोण निघालं?"

"कोणी नाही, डॉक्टर. पेटीनं सगळं भाजून काढलं."

दुसरा बेडका घेतला, पण तोवर औषध सुरू झालेलं. बशी कोरीच राहिली. डॉक्टर अंदाजाने औषधं बदलत राहिले. किसन गेला.

तानुबाई लॅबच्या दारात आली. "ताई, पाय तर बसला होता. मग छातीत काय होतं ओ त्यांच्या?"

"न्यूमोनिया, मावशी. पण कोणत्या जंतूचा, ते नाही कळलं."

"मग कुणाला इचारू?"

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, असं मी तुम्हाला काय सांगू? निगा राखणारं माणूस इथे होतं. त्या वायरसाठी दीपमालाताई साहेबांच्या दारात ताटकळल्या. "बघू," एवढंच उत्तर मिळालं. येत्या गुरुवारीही मी गारच पडणार आहे, आणि आतल्या बशीवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव असेल.

साहेब, मला खुशाल भंगारात काढा. पण तानुबाई अजून बाहेरच्या बाकावर बसली आहे. बाहेर या आणि तिच्या तोंडावर सांगा, तिच्या माणसाला कोणत्या जंतूने मारलं? बोला!