ऊबबाबांची लाल भिंत

डोंगरमाथ्यावरच्या त्या इवल्याशा गावातलं चर्च म्हणजे रंगांची नुसती जत्रा. दरवर्षी प्रत्येक घर त्याच्या भिंतींवर आपल्या आवडीच्या रंगाचा एक पट्टा ओढायचं. जांभळ्याशेजारी पोपटी आला तरी सगळ्यांनी ‘छान दिसतंय’ म्हणायचं, अशी रीत. निवृत्त मास्तरीणबाई यजमानांसोबत सहलीला पोचल्या, तेव्हा अख्खं गाव चर्चच्या मागच्या लाल भिंतीला पाठ टेकून उभं होतं.

“या भिंतीत कृपा आहे,” गावात पाहुणे म्हणून उतरलेले ऊबबाबा सांगत होते. “ती पाठीतून शिरते, रक्तातून फिरते आणि रोगाला वेशीपर्यंत पोचवून येते. फक्त गोळ्या बंद. कृपेला सवत खपत नाही.”

भिंत खरोखरच कोमट होती. गुडघेदुखीने बेजार यजमानांनी पाठ टेकली आणि ते विरघळलेच. “अगं, रक्तदाब उतरला बघ,” म्हणत गोळ्या बाबांच्या झोळीत टाकून मोकळे झाले. मागे अशाच गोळ्या सोडल्या, तेव्हा त्यांना बेशुद्ध उचलून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. बाईंच्या पर्समध्ये गोळ्यांची जास्तीची पट्टी होती, पण स्वारी ऐकेल तर शपथ.

“तुम्हाला गुण आला का हो?” बाईंनी गावकऱ्यांना विचारलं.

“फार छान वाटतं,” प्रत्येकजण गोड हसून म्हणाला आणि लंगडत घरी गेला.

बाईंनी चर्चला वळसा घातला. लाल भिंतीला लागूनच बेकरी होती आणि भट्टीची पाठ नेमकी त्याच भिंतीला चिकटलेली.

“उद्या भट्टी पेटवू नका,” बाई बेकरीवाल्याला म्हणाल्या.

“बरं,” तो म्हणाला. त्या गावात नाही कोण म्हणणार?

सकाळी बाबांनी डोळे मिटून भिंतीला पाठ लावली आणि गार लागताच ते टुणकन उडाले. “कुणीतरी चोरून गोळी घेतली. कृपा रुसली.”

“कृपा रुसली नाही, भट्टी विझलीय,” म्हणत बाईंनी सगळ्यांना बेकरीत नेलं.

“ते आम्हाला ठाऊकच आहे,” बेकरीवाला ओशाळून म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“मग बोलला का नाहीत?”

“इतक्या प्रेमाने सांगत होते ते. पाहुण्याचं मन कसं मोडायचं?”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, एका पाहुण्याचं मन राखताना दुसऱ्याचा जीव जायचा. खुशाल पाठ शेका, पण ऊब कुठून येते ते विचारा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका.”

बाबा तोवर झोळी टाकून उताराला लागले होते. “परत या हं,” गाव मागून ओरडलं.

यजमानांनी निमूट गोळी गिळली.

“गुडघा कसा आहे?” बाईंनी विचारलं.

“छान...” बाईंनी भुवई उंचावताच ते म्हणाले, “दुखतोय गं.”

“माझाही,” बेकरीवाला म्हणाला. मग कुणाची कंबर, कुणाची टाच, एकेक खरं बाहेर येऊ लागलं. शेवटी मागून एक आजी हळूच म्हणाल्या, “तो जांभळा पट्टा मला कधीच आवडला नव्हता.”