मुठीतलं मीठ

“अहो, नीट चावून तरी खा! कुणी हिसकावून घेणार आहे का?” आई म्हणाली, तसे बाबा चावायचेच थांबले.

वर्षानंतरचा पहिला घास होता. आमच्याच बेकरीतला, त्यांच्याच हातचा पाव. गव्हाने पोट बिघडतं असं स्वतःच ठरवून त्यांनी गहू सोडला होता. पोट सुधारलंही; तपासायचं मात्र राहिलं. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सिलिअ‍ॅक आहे की नाही, कसं सांगू? तो गव्हानेच उमटणारा आजार; गहूच पोटात नाही, तर रक्तात खूण कुठून दिसणार? दीड महिना रोज पाव खा, मग तपासू. निघाला, तर मात्र जन्मभर गव्हाचा कणही नाही.”

बाबांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. दीड महिना पाव! आणि आजार नसलाच, तर कायमचा पाव!

आता घास गालात धरून ते भिंतीकडे बघत होते. डोळे भरून येणार, या हिशेबाने मी रुमालही काढून ठेवला.

“मीठ कमी आहे,” बाबा म्हणाले.

आईने लगेच पातेलं घासायला घेतलं. घासलेलंच पातेलं.

“कधीपासून? भिंगरी, तू सांग. एरवी तुझ्या तोंडाला कुलूप नसतं.”

“हळूहळू कमी होत गेलं, बाबा. पण वाईट नव्हतं हं लागत!”

बाबा मीठ कधी तोलत नाहीत. मुठीने टाकतात आणि मळलेल्या पिठाचा कण जिभेवर ठेवून बघतात. वर्षभर जीभ रजेवर आणि मूठ एकटी कामावर. तिला कुणाचा धाकच उरला नव्हता.

तेवढ्यात पोस्टमनकाका पाव न्यायला आले. बाबांनी त्यांनाच धरलं. “वर्षभर अळणी पाव खाल्लात आणि एका शब्दाने बोलला नाहीत?”

काका पिशवीशी चाळा करत राहिले. “तुम्हाला घासभर मिळत नव्हता. त्यात आम्ही कोणत्या तोंडाने नावं ठेवायची? घरी वरून मीठ भुरभुरायचो. सगळेच भुरभुरायचे.”

मी थक्क! ज्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं ते दुसऱ्याला आधी कळतं, तिने एका माणसासाठी वर्षभर तोंड मिटून अळणी खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून मीठ जागेवर आलं आणि बाबांचं पोट जागेवरून गेलं. चेहरा उतरला, पोट नगाऱ्यासारखं फुगलं, भट्टीपुढे बसायला स्टूल आलं. तरी रोज पहिला पाव मोडून ते डोळे मिटून खायचे.

“दुखतंय ना?” मी विचारायचे.

“दुखतंय गं. पण काय लागतोय!”

इतका आजारी आणि इतका सुखी माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

“आज अर्धाच खा हो,” आई काकुळतीला यायची.

“अर्ध्याने तपासणीही अर्धीच होईल.”

मग त्यांनी मलाही भट्टीपाशी बोलवायला सुरुवात केली. एक तुकडा त्यांना, एक मला.

“मीठ?”

“थोडं हवं.”

“थोडं हे काय माप झालं?”

“आणि तुमची मूठ हे माप झालं का?”

ते पोट धरधरून हसले. हसण्याने की दुखण्याने, कळलं नाही. मला का शिकवताय, हे मात्र मी विचारलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, “आहेच.” बाबांनी मान डोलवली आणि पीठ नाकातोंडात जाऊ नये म्हणून कोणता मास्क घ्यायचा, तेवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गणवेशातच मी भट्टीपाशी उभी राहिले. दाराशी पोस्टमनकाका आणि आणखी चारपाच जण होते. बाबांनी पहिला पाव उलटा करून बोटाने ठोकला, मोडला. वाफ वर आली. सवयीने त्यांचा हात तोंडाकडे गेला, मास्कला लागला आणि थांबला.

मग तो तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला.

“मीठ?”

मी त्यांच्यासारखेच डोळे मिटून घास घेतला. सावकाश चावला. मधेच राहवेना म्हणून डोळे किलकिले करून पाहिलं. मास्कच्या आत बाबांचा जबडा माझ्याबरोबर हलत होता.

“बरोबर आहे,” मी म्हणाले.

तेव्हा कुठे तो थांबला.