भाऊरावांचं क्वार्टर

नरहरकाकांनी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली, अर्ध्या भोपाळभर सरकारी क्वार्टरं बांधली, पण एकाही घराचा नकाशा त्यांचा नव्हता. नकाशा वरून सही होऊन यायचा आणि काका तो विटांत उतरवायचे. त्यामुळे निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी पहिलंवहिलं स्वतःचं काम हाती आलं, तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. काम कासवाच्या घराचं होतं, पण काम ते काम.

कासवाचं नाव भाऊराव. परातीएवढे, आफ्रिकन वंशाचे, रीतसर नोंदणीचे कागद असलेले. शिवाजी नगरात शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मेघाचे ते लाडके. गेली चार वर्षं काका रोज सकाळी कुंपणावरून वाकून त्यांना जास्वंदीची फुलं भरवत. आता मेघाची दिल्लीला बदली झाली होती आणि तिथलं घर पाचव्या मजल्यावर होतं. इंदूरचे एकजण भाऊरावांना न्यायला तयार होते. त्या बातमीनं काकांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ते मेघाच्या दारात उभे राहिले. "मी आमच्या अंगणात घर बांधतो त्यांना. इथेच राहू देत."

मेघा पोर मोठी व्यवहारी. "चलेगा काका. पण रविवारी अकराला मी त्याला आत सोडणार. तासभर रमला तर तुमचा, नाहीतर इंदूर. तुम्हाला वाईट वाटेल, पण मला त्याचं बघायला हवं."

झालं. फ्रिजवर नकाशा चिकटला. कोवळं ऊन यावं म्हणून दार पूर्वेला, दुपारी सावली मिळावी म्हणून पेरूच्या झाडाचा आडोसा, थंडीसाठी उबेचा दिवा, पाण्याला पसरट मातीचं ताट. भाऊराव मुळात खणण्यात पटाईत, म्हणून भिंती दीड फूट जमिनीत उतरल्या. तेवढ्यानंही काकांचा जीव भांड्यात पडेना, तेव्हा आत सगळीकडे सिमेंटचा कोबा आला. तो त्यांनी स्वतः गुडघ्यांवर बसून घोटला. इतका सपाट, की वर ठेवलेल्या लिंबाला कुठे घरंगळावं ते कळेना. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारणं चाललं.

"काय करून राहिले तुम्ही?" वासंतीकाकू म्हणाल्या. "आपल्या नागपूरच्या घराच्या स्लॅबला इतकं पाणी नव्हतं मारलं." पण रविवारी उंबऱ्याला हळदकुंकू त्यांनीच वाहिलं. एक बोट भाऊरावांच्या पाठीवरही टेकवणार होत्या, तेवढ्यात मेघानं भाऊरावांना उचलून आत ठेवलं.

भाऊरावांनी मान बाहेर काढली. एक पाऊल टाकलं आणि पाय घसरला. दुसरं टाकलं, तोही घसरला. पोट टेकत ते कसेबसे कोपऱ्यात पोहोचले आणि पुढच्या नखांनी कोबा खरवडू लागले. खर्र, खर्र. थोडं थांबले. दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा खरवडलं. मग वळले आणि सरळ दाराबाहेर आले.

"नाही रमला, काका," मेघा हळूच म्हणाली आणि त्याला आणलेल्या टोपलीकडे वळली.

पण तो खरखराट काकांच्या कानातून जाईना. भिंती दीड फूट खोल होत्या, म्हणजे बिचारे पळून जाणार नव्हतेच. मग त्यांना खणू द्यायला काय हरकत होती? आपण त्यांना आणून बसवलं ते थेट सरकारी फरशीवर.

"थांब," ते म्हणाले. "तास संपलेला नाही."

त्यांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर कोब्यावर पहिला घाव घातला. वासंतीकाकू "अहो" म्हणाल्या आणि घमेलं घेऊन आल्या. मेघानं ओढणी कमरेला खोचली. तिघांनी तुकडे वेचले, खालची माती मोकळी केली, पेरूखालची कोरडी माती आणून वर टाकली. काकांचा सदरा घामानं भिजला होता आणि त्यांना कमालीचा आनंद होत होता.

पावणेबाराला भाऊरावांना दाराशी ठेवलं. ते आत गेले. या वेळी पाय रोवले गेले. कोपरा गाठून त्यांनी असं काही खणायला घेतलं की मातीचा पहिला फवारा काकांच्या चष्म्यावर बसला. चष्मा पुसायचंही काकांना सुचलं नाही. बारा वाजले तेव्हा भाऊराव अर्धे मातीत होते आणि डोळे मिटून स्वस्थ पडले होते.

मेघानं रिकामी टोपली उलटी ठेवली आणि डोळे पुसत म्हणाली, "इंदूरला फोन करते. नाही म्हणून सांगते."

काका घरात गेले. फ्रिजवरचा नकाशा काढून त्यांनी त्यावरचा 'कोबा' हा शब्द खोडला आणि लिहिलं, 'जमीन, राहणाऱ्याच्या पसंतीची.' मग खाली, जिथे चौतीस वर्षं दुसऱ्याच कुणाची तरी सही असायची, तिथे त्यांनी मातीच्या हातानं स्वतःची सही केली.