दगडीपाल्याला बोलावणं

“अंजिरे, पाला ओरबाडू नये. आदल्या सांजेला अक्षत ठेवून त्याला बोलवावं. आणि ‘जखम मिटव’ म्हणू नकोस हो, ‘भरव’ म्हण. जखम तळातून भरते; तोंडाशी नुसती मिटते.”

आत्याबाई, अंजिराच्या सासूबाई, जाऊन अकरा वर्षं झाली. आवाज तेवढा गेला नाही.

मार्गशीर्षाची सांज उतारावर उतरली होती. कुसळं सोनसळी, कातळ ताम्रवर्णी, आणि कातळाच्या भेगाभेगांतून दगडीपाला. लवभरल्या पानांचा, एकेका कृश दांड्यावर एकेक पीतफूल तोलणारा, तुडवला तरी उभा राहणारा. दाह पिऊन घेणारा, सूज उतरवणारा, तापल्या रक्ताला नासू न देणारा.

अक्षता मुठीत घेऊन अंजिरा त्याच्यापुढे बसली होती.

याच पाल्याने तिने गेनूचं, आपल्या धन्याचं, अंग जन्मभर सांधलं. विळ्याचे वार, कुऱ्हाडीचा निसटता घाव, बैलाच्या शिंगाची खोच. चिमूटभर हळद, मूठभर पाला, ओठांत नाम. आणि काही दिवसांत कोवळी कातडी, उषेच्या रंगाची.

पण यंदा भाद्रपदात गेनूच्या तळव्यात काच रुतली. साखरेच्या आजाराने बधिरलेल्या पायाला ती कळलीही नाही. रक्त पाहून अंजिरा घाबरली, धावत इथंच आली, न बोलावता पाला खुडला आणि म्हणाली, “माये, एवढी जखम मिटव.”

जखम मिटली.

वरून मिटली. सांजवेळी कमळ मिटावं तशी मिटली, आणि आत भुंगा कोंडावा तसा पू कोंडला. कार्तिक सरता सरता पाऊल काळं पडलं, मग पोटरी.

आज सकाळी तालुक्याचे डॉक्टर हळू बोलले होते, “मावशी, पाल्यात गुण आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो जित्या मांसाला. इथं रक्तच पोचत नाही. उद्या पाय काढायचा.”

तिने काचेला दोष दिला नाही, पाल्याला तर नाहीच. एका शब्दापाशी तिचा जीव अडकून राहिला होता.

तिने अक्षत वाहिली. “भरव, माये. तळातून भरव. उद्या दिस उगवायच्या आत न्यायला येते.”

पहाटे तिच्याआधी जीप आली.

धाकट्या दिराने गेनूला उचलून आत ठेवलं. “वहिनी, जागा नाही. तुम्ही सकाळच्या एसटीनं या.”

गेनू हसला. “आता तुझा पाला कुठं बांधशील गं? काठीला?”

हसता हसता त्याने तिचं मनगट धरलं. ते त्याच्याकडून सुटेना. दिराला सोडवावं लागलं.

जीप गेली. धूळ खाली बसली. धुकं पुन्हा अंगणभर झालं, शुभ्र, शांत.

बांधायला आता पाय नव्हता. मागायला आता शब्द नव्हता.

“बोलावणं तर केलंय,” ती स्वतःशीच पुटपुटली. “बोलावलेल्याला ताटकळत कसं ठेवू?”

तिने तांब्याभर पाणी घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि अनवाणी उताराला लागली. दवाने पांढऱ्या झालेल्या गवतावर तिची पावलं हिरवी उमटत गेली. उजवं, डावं. उजवं, डावं.