मानसशास्त्र, दुसरा मजला

आमच्या फर्निचरच्या दुकानात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो आणि बिल्ल्यावर शिकलेला विषय असतो. मी मानसशास्त्र. गेली सहा वर्षं दुसऱ्या मजल्यावर गाद्या विकते.

ही अक्कल मालकांची. ते सातवीत शाळा सोडून रंधा मारायला लागले, त्यामुळे शिकलेल्या माणसाबद्दल त्यांना इतका आदर आहे की शिकलेल्या माणसालाच संकोच वाटावा. शिकलेलं वाया जाता कामा नये, हा त्यांचा हट्ट. आणि आमचं शहर बघितलं तर इथे नोकऱ्या इन-मीन तीन प्रकारच्या: या दुकानात, त्या दुकानात, नाहीतर शहर सोडून. कॉलेज मात्र दरवर्षी चौदा विषयांची माणसं बाहेर काढतं. ती फिरून फिरून आमच्या दारात येतात आणि मालक त्यांना शिक्षणाप्रमाणे काम देतात. प्राणिशास्त्राला चामड्याचे सोफे दिलेत. चामडं खोटं आहे हे तो गिऱ्हाइकाला न विचारता सांगून मोकळा होतो. भूगोलाला डिलिव्हरीची गाडी दिली, आणि स्टेशनमागची गल्ली तो अजून चुकतो. तत्त्वज्ञान गोडाऊनला असतो. "तीन दारांचं कपाट आहे का रे?" म्हणून फोन केला की आधी एक उसासा ऐकू येतो आणि मग "आता आहे म्हणजे काय..." असं सुरू होतं. आपण फोन ठेवून स्वतः बघून यायचं.

माझी मुलाखत दीड मिनिट चालली. मालकांनी विचारलं, "काय शिकलीस?" म्हटलं, मानसशास्त्र. त्यांनी डोळे मिटले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "गाद्या. गादी घ्यायला येतो त्याला झोप लागत नसते. झोप का लागत नाही ते तुला कळणार." कागद मागितले नाहीत. मागितले असते तर मी आज या गोष्टीत नसते, कारण माझ्याकडे पदवी नव्हती. सगळे पेपर सुटले होते, फक्त आकडेमोडीचा एक राहिला होता. तीनदा बसले आणि तीनदाही चार मार्कांनीच गेला. पाच नाही, तीन नाही, चार! कुणीतरी माझ्यावर डूख धरून बसल्यासारखं. नोकरी लागल्यावर मी त्या पेपराचा नाद सोडला.

दुकानात खोटं बोलल्याचं मला कधी काही वाटलं नाही. दुकानात सगळेच बोलतात. घरचं खोटं मात्र घशात अडकून बसलं होतं.

माझ्या बाबांचं काच-फ्रेमचं दुकान आहे. एका माणसाला आत आणि एकाला पायरीवर उभं राहता येईल एवढं. चाळीस वर्षं या शहरातल्या लोकांचे लग्नाचे फोटो, वारलेल्यांचे फोटो आणि पदव्या त्यांनीच फ्रेम केल्या. पदवीचा कागद हातात घेताना ते आधी हात धुतात. डॉक्टर असो नाहीतर वकील, दोघांचाही कागद पुसलेल्या फडक्यावर ठेवून अंगठ्याने मागून शिक्का चाचपतात आणि "वा!" म्हणतात. निकालाच्या दिवशी मी त्यांच्या दुकानात गेले, तेव्हा त्यांनी काच कापणं थांबवून विचारलं, "झालं ना गं?" माझ्या तोंडून "झालं" निघून गेलं. त्यांनी शेजारच्या शिंप्याला, समोरच्या चपलावाल्याला, रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनला ओरडून सांगितलं. पुढे कागद कधी येणार म्हणून विचारायचे, तेव्हा मी विद्यापीठाची छपाई अडकलीय म्हणायचे. सहा वर्षं छपाई अडकते का कुठे? पण त्यांना पटायचं. पोरीवर विश्वास ठेवायची त्यांना वाईट खोड.

तर मालकांनी तिसरा मजला बांधला आणि उद्घाटनाच्या आठवड्यात सगळ्यांना खाली बोलावलं. म्हणाले, "वरच्या भिंतीवर मला तुमच्या पदव्या पाहिजेत. सगळ्या, ओळीने. गिऱ्हाइकाला कळू दे आपण कुणाकडून घेतोय. उद्या कागद द्या, फ्रेम मानसशास्त्राच्या वडिलांकडून करून घेऊ. घरचं माणूस आहे." आणि माझ्याकडे बघून असे हसले की जणू मला बक्षीसच दिलं.

माझी पाचावर धारण बसली. नोकरी गेली तर दुसरी कुठेतरी बघितली असती. पण अकरा जणांच्या दुकानातून बाबांकडे दहाच कागद गेले असते, आणि राहिलेला अकरावा कुणाचा हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

हे सगळं मी भूगोलाला सांगितलं, कारण तो गाडीत एकटाच असतो आणि त्याला सांगायला दुसरं कुणी नसतं. तो म्हणाला, "एवढंच ना? माझ्या मावसभावाचं रंगीत प्रिंटचं दुकान आहे. माझी पदवी स्कॅन करू, विषय बदलू, नाव बदलू. दुपारपर्यंत तू पदवीधर." मी म्हटलं, "अरे, बाबा ओळखतील." तो म्हणाला, "अकरा कागदांच्या गठ्ठ्यात मधोमध घालू. कोण बघतंय?" मला हे पटायला नको होतं. पण बुडत्या माणसाने कशाला हात घालावा याचे काही नियम नसतात. दुपारी माझी पदवी गरम गरम निघाली. मी ती गठ्ठ्यात आठव्या नंबरला सरकवली, आणि भूगोल गठ्ठा घेऊन बाबांच्या दुकानी गेला. तिथे मात्र तो रस्ता चुकला नाही.

संध्याकाळी तो कपाटांच्या आडोशाला येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"काही नाही. म्हणजे... माझ्या पदवीवर एक चहाचा डाग आहे. डाव्या कोपऱ्यात. जुना आहे."

"मग?"

"आम्ही तो डाग काढायचा विसरलो. तुझ्याही पदवीवर आहे. तिथेच. तसाच."

मग मी त्याला जे काही बोलले ते गाद्यांच्या मजल्यावर बोलण्यासारखं नव्हतं. मूर्खा, दहा विषयांच्या पदव्या होत्या, तुझीच सापडली? आणि तीही चहा सांडलेली? तो म्हणाला, "बाकीच्यांनी दिली नसती ना." हेही खरंच होतं.

त्या संध्याकाळी घरी बाबा रोजच्यासारखेच जेवले. मीठ मागितलं, ते दिलं. आईने विचारलं, "हिच्या दुकानाचं काम आलं ना? हिचा कागद बघितलात का?" ते म्हणाले, "बरेच कागद आहेत." आणि उठून हात धुवायला गेले. दोन दिवस हेच चाललं. मला वाटलं, एकदाचे ओरडा, ताट भिरकावा, काहीतरी करा. पण नाही. सकाळी माझ्या डब्याचं झाकण नीट लागत नव्हतं, ते त्यांनी दाबून बसवून दिलं. त्यांनी डाग बघितला की नाही, या एका प्रश्नाने माझा जीव टांगणीला लागला होता.

शनिवारी दुपारी बाबा स्वतः फ्रेम घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिसऱ्या मजल्यावर आम्ही सगळे जमलो. मालकांनी भिंतीवर आधीच अकरा खिळे ठोकून ठेवले होते. बाबा एकेक फ्रेम गोणपाटातून काढायचे, फडक्याने काच पुसायचे, टांगायचे आणि दोन पावलं मागे येऊन सरळ आहे का बघायचे. प्राणिशास्त्र, रसायन, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान. भूगोल डागासकट लागला. दहा झाल्या आणि बाबांनी गोणपाटाची घडी घातली.

मालकांनी खिळा बघितला. "एक राहिली. मानसशास्त्र कुठंय?"

बाबा म्हणाले, "ती माझ्याकडून गेली. काच बसवताना हातातून निसटली आणि कागद मधोमध कापला गेला. चूक माझी आहे."

चाळीस वर्षांत त्या माणसाने कुणाच्या कागदाला चुणी पडू दिली नव्हती. सगळ्या शहराला हे माहीत होतं आणि सगळ्यात जास्त त्यांना स्वतःला.

मालक भडकले. "अहो, पोटच्या पोरीची पदवी! शिकायला काय लागतं तुम्हाला माहीत आहे का? मला विचारा, मला! हात कापत असतील आता, तर दुकान बंद करायचं होतं. लोकांच्या आयुष्याचे कागद कशाला घेता हातात?"

बाबांनी मान खाली घातली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले.

"बरोबर काय? उद्या मी कुणाला सांगणार, की जा त्यांच्याकडे? उलट सांगेन, जाऊ नका!"

"बरोबर आहे," बाबा पुन्हा म्हणाले.

मला गप्प बसायचं होतं, खरंच सांगते. मी आधीच सुटले होते. नोकरी वाचली होती, अब्रू वाचली होती, विद्यापीठातून दुसरी प्रत मागवते म्हणून आणखी सहा वर्षं काढता आली असती. पण इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस तिथे खाली मान घालून उभा होता, आणि मालक त्याच्या हातांकडे बोट दाखवत होते. माझं डोकंच फिरलं.

"त्यांचे हात कापत नाहीत!" मी ओरडले. "त्यांनी काही कापलेलं नाही. तो कागद खोटा होता. मी पास झालेच नाही."

भूगोल हळूच एका कपाटामागे गेला. त्याचं नाव मी घेतलं नाही, एवढं माणुसकीला धरून वागले.

मालक प्लॅस्टिक न काढलेल्या सोफ्यावर बसले. "म्हणजे तू शिकलीच नाहीस?"

"शिकले. एका पेपरात चार मार्क कमी पडले."

"कुठल्या?"

"आकडेमोडीच्या."

"मग गाद्या कशा विकल्यास गं? सगळ्यात जास्त तूच विकतेस."

"तोंड बंद ठेवून. माणूस गादीवर आडवा झाला की आपण होऊन बोलतो. आपण फक्त ऐकायचं आणि ही गादी बांधू का म्हणून विचारायचं."

मालकांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी फसवलं याचा राग त्यात होता, पण त्याहून जास्त दुसरंच काहीतरी होतं. सातवीत सोडलेल्या शाळेकडे माणूस आयुष्यभर मान वर करून बघतो, आणि एक पोरगी येऊन सांगते की तिथे काही नव्हतं. ते भिंतीवरच्या दहा फ्रेमांकडे बघत बसले. एवढ्यात प्राणिशास्त्राने तोंड उघडलं. "मालक, आता विषय निघालाच आहे तर त्या चामड्याचं..."

"तू गप्प बस," मालक म्हणाले. मग माझ्यापुढे हात केला. "बिल्ला."

मी बिल्ला काढून दिला. त्यांनी तो खिशात टाकला. खालून कुणीतरी हाक मारली की दुसऱ्या मजल्यावर नवरा-बायको आलेत, कडक गादी की मऊ यावरून त्यांचं जुंपलंय, आणि बघायला कुणी नाही.

"जा, बघ," मालक म्हणाले. "तुझं काय करायचं ते सोमवारी ठरवू."

"बिल्ल्याशिवाय?"

"गादीला काय कळतंय त्यातलं."

बाबा आधीच जिना उतरायला लागले होते. मी पळत जाऊन त्यांना मधल्या वळणावर गाठलं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती की ते पाय मागे घेतील. म्हटलं, "बाबा, तुम्ही मघाशी का नाही सांगितलंत? मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्यात."

त्यांनी हातोडी पिशवीत नीट आडवी ठेवली. खालून त्या नवरा-बायकोचं भांडण स्पष्ट ऐकू येत होतं.

"सहा वर्षं तू खोटं बोललीस आणि मी ते जपलं," ते म्हणाले. "मी जन्मात एकदा बोललो, तर तू ते पाच मिनिटंसुद्धा टिकू दिलं नाहीस."