कमलकाकूंचं तीर्थ आणि माझी मोटर

मित्रांनो, मी एक जुनं कारंजं आहे. राजवाड्यातला हौद वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. बुऱ्हाणपुरात दिगंबरकाकांच्या बैठकीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर मावेल एवढाच माझा पसारा. अंग फायबरचं, आव मात्र दगडाचा. पोटात पाणी आणि त्या पाण्यात मुठीएवढी मोटर. तेच पाणी वर न्यायचं, तेच खाली सोडायचं. याचा शीण तुम्हाला कळायचा नाही.

काकांच्या मुलानं, प्रकाशनं, मला इंदूरच्या प्रदर्शनातून आणलं. तेव्हा काय माझं कौतुक! हळदीकुंकवाला आलेल्या बायका उठायचं विसरून माझ्याकडे बघत बसायच्या. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे माझ्या डोक्यावर स्कूटरच्या किल्ल्या ठेवू लागले.

मग काचबिंदूनं काकांची नजर गेली आणि मला खरं काम मिळालं. माझ्या शेजारीच अंगणात उतरायचं दार आहे. काका आतल्या खोलीतून माझ्या आवाजाच्या रोखानं येत, माझ्यावर हात टेकत, चौकट चाचपत आणि पायऱ्या उतरून अंगणातल्या खुर्चीवर बसत. कुणाचा हात धरावा लागत नसे. वीज गेली तर माझ्याबरोबर पंखाही थांबे, त्यावरून ते ओळखत आणि जागचे हलत नसत. खरं सांगतो, त्यांचा हात अंगावर पडला की मला माझा शीण आठवत नसे.

माझ्या दुखण्याचं मूळ मात्र भक्तीत होतं. ताप्तीजयंतीला काकांच्या पत्नीनं, कमलकाकूंनी, राजघाटावरून आणलेलं लोटाभर नदीचं पाणी माझ्यात ओतलं आणि हात जोडले. झालं! माझं पाणी तीर्थ झालं. रोज एक फूल, रोज चिमूटभर हळदकुंकू. पाणी आटलं की वरून नळाचं, आणि आमच्याकडचं पाणी इतकं जड की घागरीलाही पांढरा थर धरतो. जुनं पाणी काढायची सोयच नव्हती. ताप्तीमाईला मोरीत कसं ओतायचं? मी आपला गाळ गिळत राहिलो.

एका दुपारी माझी धार बारीक होत होत बंद पडली. पंखा फिरतच होता. पाणी कमी झालं असेल, जवळ गेलं की आवाज येईल, असं समजून काका निघाले. ते माझ्या बाजूनं पुढे गेले, तरी मला हाक मारता आली नाही. उघड्या दारातून ते पायऱ्यांवर कोसळले. कपाळाला टाके पडले.

प्रकाश घाबरून गेला होता. तो म्हणाला, "बाबा, आता एकट्यानं उठायचं नाही. ही घंटी ठेवली, वाजवायची. कुणीतरी येईल." उभी हयात कापडाचं दुकान चालवलेला माणूस आता पाणी प्यायलाही घंटी वाजवणार होता. मला फार वाईट वाटलं.

प्रकाशची बायको शोभा माझ्या दुरुस्तीच्या मागे लागली. तिनं माझा प्लग दुसऱ्या बोर्डात लावून पाहिला.

"करंट तर येऊन राहिला. मोटर पण गुरगुर करते. आत काही तरी फसलं आहे. आई, पाणी काढावं लागेल."

"खबरदार! माई आहे ती," काकू म्हणाल्या. "वरून अजून टाक."

अजून पाणी टाकलं. मी गुरगुरलो, बस.

तेव्हा आतल्या खोलीतून, खाटेवरून काका बोलले, "कमल, माई तर वाहते. तू तिला डबक्यात कोंडून ठेवली. केळीच्या बुडाशी ओत, नाही रागवणार ती. मला माझ्या पायानं अंगणात जाऊ दे."

काकूंच्या डोळ्यांना पदर लागला. त्यांनी स्वतःच लोट्या-लोट्यानं सगळं पाणी काढून परसातल्या केळीला घातलं. मग शोभानं प्लग काढून मोटर उघडली. जाळीत झेंडूच्या पाकळ्या, कुंकवाचा चिखल आणि केसांचा गुंता. आतल्या चक्रीवर पांढरा थर धरलेला. तिनं चक्री लिंबाच्या रसात भिजवली, जुन्या ब्रशनं घासली आणि मला ताजं पाणी दिलं. मी कण्हलो, हवा थुंकलो आणि धार वर आली.

काका उठले. प्रकाश हात धरायला धावला.

"राहू दे रे," काका म्हणाले आणि एकटेच आले. माझ्यावर हात टेकला, चौकट चाचपली आणि पायऱ्या उतरून अंगणातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मित्रांनो, मी आता दमलो आहे. मोटर म्हातारी झाली, कडा उडाल्या. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला फुलं वाहू नका. त्याचं पाणी बदला, जाळी धुवा, त्याचा आवाज बारीक झाला तर वेळीच विचारपूस करा. मलाही कधी वाटतं, आता थांबावं. पण आतल्या खोलीत खाट करकरली आहे. काका उठले आहेत. मला चालू राहायलाच हवं.