करामातल्या घोरपडीचा श्रावण

“गरम दगड नि जिवंत किडा. त्याच्यापुढे हिला काय नको. शिकवायला तर बिलकूल जाऊ नका.” देरा बाजारातल्या प्राण्यांच्या दुकानात दुकानदार वलीचाचा गिऱ्हाइकांना हे बोलले, तेव्हा मी काचेच्या पेटीत बसले होते. माणसाच्या तोंडून निघालेलं शहाणं बोलणं मी तेवढंच ऐकलं.

मित्रांनो, मी काटेरी शेपटीची ठेंगणी घोरपड आहे. शेपटी धरून जेमतेम दोन फूट. माझ्या पूर्वजांचा मुलूख म्हणजे ऑस्ट्रेलियातले तांबडे खडक. कुणी धरायला आलं की कपारीत शिरायचं, अंग फुगवायचं आणि काटेरी शेपटीनं दार लावून घ्यायचं, ही आमची रीत. पालीसारखं शेपूट टाकून पळणं आमच्यात नाही. ऊन आमची आई, तापला दगड तिची मांडी.

आणि आले कुठं, तर आखाती शहरातल्या करामा वस्तीतल्या फ्लॅटमध्ये. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन फुकट सांडलेलं, आणि ही माणसं खिडक्या लावून एसीत शाली पांघरून बसतात. मग माझा दगड तापवायला वेगळा दिवा. यांना बुद्धिमान कुणी ठरवलं? यांनीच. घरातल्या मुलीचे, ईशानीचे बाबा पाहुण्यांना सांगतात, “ही गड चढणारी घोरपड.” मी नुसती सोफ्यावर चढले, तरी हे गृहस्थ खुर्चीवर चढतात.

अकरा वर्षांची ईशानी तेवढी बरी. खणायला माती ओलसर ठेवायची, दिवा वेळेवर लावायची. यंदा सुट्टीत ती पुण्याला आजीकडे गेली आणि मी तिच्या आईच्या, मृणालिनीबाईंच्या हाती आले. तेवढ्यात श्रावण लागला. बाईंनी माझ्या किड्यांचा डबा बाल्कनीतल्या कुंडीत उपडा केला. “जा रे बाबांनो. महिनाभर माझ्या हातून जीव जायला नको.” मग माझ्यापुढे पनीरचे तुकडे ठेवून म्हणाल्या, “तूही पाळ गं जरा.”

जीव जायला नको म्हणे. त्यात माझा जीव धरलाच नव्हता. मी जिभेनं पनीर चाचपलं आणि पाठ फिरवली. रोज संध्याकाळी फोनवर ईशानी विचारायची, “मम्मा, डिड शी ईट?”

“हो गं, चट्टामट्टा केला.” आणि पनीर कचऱ्यात.

ईशानी परतली, तेव्हा माझी शेपटी वाळली होती, कमरेची हाडं वर आली होती. तिनं मला टॉवेलात गुंडाळलं आणि मायलेकी मला डॉक्टर अफशांकडे घेऊन गेल्या.

“खाते ना नीट?” डॉक्टरांनी विचारलं.

“एव्हरी डे. मम्मा द्यायची.”

“खाऊनही वाळतेय, म्हणजे पोटात जंत असणार. औषध कडक आहे. या अंगाला झेपेलच, असं मी सांगत नाही. पण दुसरं काही दिसत नाही मला.”

“इट्स माय फॉल्ट,” ईशानी रडायला लागली. “मी जायलाच नको होतं.”

मित्रांनो, आम्हाला पाळायचं तर आमच्या भुकेसकट पाळा. तुमचं पुण्य आमच्या पोटातून काढू नका. नाहीतर दारात एक कुंडी लावा आणि तिला पाणी घाला. तेवढं तुम्हाला जमेल.

डॉक्टरांनी सिरिंजमध्ये औषध भरून घेतलं. बाई भिंतीवरचा मांजरांच्या लशींचा तक्ता वाचत होत्या. तिसऱ्यांदा वाचत होत्या. अफशांनी माझा जबडा उघडला.

“थांबा, डॉक्टर,” बाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या. “जंत नाहीत. ती महिनाभर उपाशी आहे. किडे मी सोडून दिले. आणि ईशू, तुला मी रोज खोटं सांगितलं.”